दर्वीशने सांगितलेली जागा

मासा कुठे मिळाला, असं आमच्या कुमझार गावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. ‘कासवखडकाला.’ माझे वडील हेच सांगायचे, त्यांचे वडीलही हेच सांगायचे. कासवखडकाला माझ्या हयातीत कुणाला धड खेकडासुद्धा मिळालेला नाही. ‘कासवखडकाला’ म्हणजे ‘तुला कशाला सांगू?’ एवढाच त्याचा अर्थ. विचारणाऱ्यालाही तो ठाऊक असतो. तो ‘अल्ला बरकत देवो’ म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. माशांची जागा बाप मुलाला मरताना सांगतो, त्याआधी नाही.

गावात खरं सांगणारा एकच माणूस आहे, दर्वीश. तो माझ्या बर्फखान्यात कामाला असतो. बर्फखाना म्हणजे धक्क्यावरची एक खोली, एक खडखडणारं यंत्र आणि भिंतीवर टांगलेला रेडिओ. दर्वीश लाद्या फोडून होड्यांना बर्फ देतो. पोरं मुद्दाम विचारतात, “काका, सुरमई कुठे लागते हो?” हा हातोडा खाली ठेवतो आणि सगळं सांगतो. कुठल्या डोंगराचं शिंग कुठल्या डोंगराच्या खांद्यावर आलं की थांबायचं, मागे कुठली घळ दिसायला हवी, सगळं. पोरं खो खो हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा बेरकी आहे, काहीतरी नवीन थाप काढलीय. तिथे कुणी जात नाही, आणि दर्वीश तर समुद्रावरच जात नाही.

दर्वीश जन्माचा भित्रा. मी त्याच्या वयाचा आहे, लहानपणापासून ओळखतो. तो बोकडाला भ्यायचा, मास्तरांना भ्यायचा, स्वतःच्या लग्नात सासऱ्याला भिऊन मांडवामागे जाऊन बसला होता. गणवेश दिसला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. पण गंमत बघा, गावातली सगळ्यात धोक्याची जागा त्याच्याच वाट्याला आली होती. त्याच्या बापाने त्याला दिलेली जागा रेघेच्या पलीकडे होती.

आता ही रेघ पाण्यावर कुणाला दिसत नाही. सामुद्रधुनीच्या अलीकडचं पाणी आमचं, पलीकडचं शेजाऱ्यांचं. मधून जगभरातली जहाजं जातात, तेलाची, मोटारींची, कशाकशाची. ती आमच्या पाण्यातून जातात, शेजाऱ्यांच्या पाण्यातून जातात, त्यांना कुणी अडवत नाही. चालत राहिलं की झालं, वाट सगळ्या जगाची. आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आणि आमचं जाळं रेघेपलीकडे हातभर गेलं तरी होडी जप्त, परवाना रद्द, आणि तिकडच्या पहारेकऱ्यांनी पकडलं तर तिकडचा तुरुंग. आमच्याच अंगणातून सगळ्यांना जायची मुभा, आणि आम्हालाच विचारून पाऊल टाकायचं. मला याचा अजूनही संताप येतो, पण माझ्या संतापाला विचारतो कोण?

दर्वीशबरोबर होडीवर असायचा शिहाब, त्याच्या धाकट्या बहिणीचा, रय्याचा नवरा. हा दर्वीशच्या अगदी उलट. मोठ्याने गाणारा, मोठ्याने भांडणारा. “मेव्हण्या, तू घाबरायचं काम कर, जाळं मी ओढतो,” असं म्हणायचा. आणि दोघं खरोखरच तसं करायचे.

त्या दिवशी धुळीचा वारा होता. पलीकडचा किनारा तर सोडाच, होडीचं पुढचं टोकही पिवळट दिसत होतं. अशा धुरळ्यात पहारेकरी बाहेर पडत नाहीत, म्हणून दर्वीश जायला तयार झाला. भित्र्या माणसाचा हिशेब असा असतो.

जाळं अर्धं वर आलं होतं. दर्वीश मागे इंजिनापाशी, शिहाब पुढे. आधी पायाखालची फळी थरथरली. मग आवाज आला, पण कुठून ते कळेना, सगळीकडूनच येत होता. दर्वीशने मान वर केली तर धुरळ्यातून एक काळी भिंत येत होती. तिला वरचं टोक नव्हतं. तो ओरडला का, ते त्याला आठवत नाही. शिहाब जाळ्याची दोरी हातात घेऊन उभा होता, तो मागे वळला, आणि भिंत त्याच्यावरून गेली. होडीचे दोन तुकडे झाले. दर्वीश पाण्याखाली गेला, वर आला, आणि नाकातोंडात खारट पाणी असताना त्याला दिसलं ते जहाजाचं दूर जाणारं ढुंगण आणि त्यावरची पांढरी अक्षरं. जहाज थांबलं नाही. एवढ्या मोठ्या जहाजाला आमची होडी लागली तरी कळत नाही.

दर्वीशने शीतपेटीचं झाकण धरलं आणि शिहाबला हाका मारल्या. उत्तर आलं नाही. पलीकडून चोरून शेळ्या घेऊन येणाऱ्या दोन पोरांच्या वेगवान होडीने त्याला उचललं. त्या पोरांनीही बऱ्याच चकरा मारल्या, हाका दिल्या. मग शेळ्यांच्या मध्ये त्याला झोपवलं, आमच्या धक्क्याला आणून टाकलं, आणि पोलिसांची बोट दिसताच पसार झाले.

धक्क्यावर सगळं गाव गोळा झालं होतं. किनारा पोलिसांचे खलफान साहेब योगायोगाने त्याच दिवशी गावात आले होते. साहेब राजधानीकडचे, वयाने तरुण, वाईट माणूस नव्हे. ते दर्वीशशेजारी गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, “काका, घाबरू नका. फक्त सांगा, कुठे झालं हे?”

दर्वीशचे दात वाजत होते. त्याने साहेबाच्या खांद्यावरच्या फिती बघितल्या, भोवती उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना बघितलं, आणि त्याच्या तोंडातून आपसूक तेच बाहेर पडलं जे आयुष्यभर पडत आलं होतं.

“कासवखडकाला.”

ते खोटं आहे हे आम्हा सगळ्यांना कळलं. खरं काय ते मात्र एकालाही माहीत नव्हतं, कारण त्याची जागा त्याच्याशिवाय ठाऊक होती फक्त शिहाबला. साहेब उठले आणि रेडिओवर बोलू लागले. थोड्या वेळाने हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून कासवखडकाकडे गेलं.

आम्ही त्याला घरी नेऊन पुन्हा विचारलं. मी स्वतः विचारलं. तो तापाने फणफणला होता. “तो मेला रे,” एवढंच म्हणत राहिला. “त्याच्यावरून गेलं. मी बघितलं. तो मेला.” आमच्या होड्या अंदाजाने इकडे तिकडे जाऊन आल्या. धुरळ्यात काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ झाली आणि दर्वीशला दिसलेल्या पांढऱ्या अक्षरांवरून जहाज सापडलं. ‘कालिंथा’ त्याचं नाव. आत आखातात तेल भरायला निघालेलं, रिकामं, म्हणून पाण्यावर इतकं उंच. पोलिसांनी ते बोलावून आमच्या खाडीबाहेर नांगरायला लावलं. कप्तान सारखा सांगत होता की मी कासवखडकाच्या आसपासही नव्हतो, माझा नकाशा बघा, मी वाटेवरचा वाटसरू आहे, तुम्ही मला अडवू शकत नाही. साहेब म्हणत होते की आमच्या पाण्यात आमचा माणूस बुडवलात, इथे आमचाच कायदा चालणार.

संध्याकाळी साहेब दर्वीशला धीर द्यायला त्याच्या घरी आले. जाताना म्हणाले, “एक बरं झालं काका, तुम्ही आपल्याच पाण्यात होतात. रेघेपलीकडे असतात तर जहाज सोडावं लागलं असतं, आणि तुम्हालाच आत टाकावं लागलं असतं.”

ते सहजच बोलले. पण दर्वीशला वाटलं, साहेबाला सगळं कळलंय. तो रात्रभर भिंतीला पाठ लावून बसून होता, असं त्याची बायको सांगते.

सकाळी रय्या आली. नवरा बुडाल्यापासून ती घरी गेलीच नव्हती, कबरस्तानाखालच्या पुळणीवर उभी होती. कासवखडकाजवळ जे काही पाण्यात पडतं ते त्या पुळणीला लागतं. हरवलेलं वल्हं असो, बुडालेला माणूस असो, दिवस उलटायच्या आत तिथेच येतं. हे गावातली शेंबडी पोरंही जाणतात. आमच्या बायका तोंडावर बांधतात त्या मुखवट्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. ती भावासमोर बसली.

“दादा, पुळणीला काही आलं नाही.”

दर्वीशने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

“फळी नाही, चप्पल नाही, जाळ्याचा बोयासुद्धा नाही. निळा कॅन होता ना होडीत, पेट्रोलचा रिकामा? तोही नाही. कासवखडकाला झालं असतं तर एव्हाना अर्धी होडी माझ्या पायाशी असती.”

“रय्या, मी त्याला बघितलं. त्याच्यावरून…”

“तू मेलेला बघितलास का? प्रेत बघितलंस?”

“नाही.”

“मग मला विधवा करणारा तू कोण रे? जागा सांग.”

“सांगितली तर मला आत टाकतील. जहाज सुटेल. तुला न्याय मिळायचा नाही.”

“न्याय घालू चुलीत! मला माझा माणूस हवाय, जिवंत नाहीतर पुरायला.” मग तिचा आवाज फुटला. “भीती वाटते ना तुला? मलाही वाटते. चल, दोघं मिळून घाबरू. पण उठ.”

ती त्याला हाताला धरून धक्क्यावर घेऊन आली. बाईमाणूस कधी धक्क्यावर येत नाही आमच्यात. ती आली, आणि आम्ही सगळे बाजूला झालो.

दर्वीशने साहेबांना खरं सांगितलं तेव्हा मी शेजारी होतो. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. त्या चेहऱ्यावरची भीती मला ओळखता आली. एवढं मोठं जहाज त्यांनी एका शब्दावर अडवून ठेवलं होतं, आणि वरच्यांना उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

“तुम्हाला समजतंय का काका, तुम्ही काय केलंत?” ते ओरडले. “मी हेलिकॉप्टर कुठे पाठवलं? कुठे शोधतोय आम्ही?”

“आता तिकडे पाठवा,” दर्वीश म्हणाला.

“तिकडे कसं पाठवू? ते आमचं पाणी नाही! तिकडच्यांना कळवायचं, ते त्यांच्या वरच्यांना विचारणार, ते आणखी वरच्यांना. तोवर…” पुढचं त्यांनी गिळलं. मग म्हणाले, “चला जहाजावर. हे तुमच्या तोंडाने कप्तानाला सांगा.”

मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून मलाही नेलं. शिडी चढताना दर्वीश दोनदा थांबला. ज्या भिंतीने होडी फोडली तिच्यावरच तो चढत होता.

कप्तान झोरान नावाचा थकलेला, जाडजूड माणूस होता. साहेबांनी त्याला सांगितलं की चूक झाली, जागा आमच्या पाण्यात नव्हती, तुम्ही मोकळे. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने दर्वीशकडे बघितलं.

“म्हणजे मी खरंच कुणाला तरी धडकलो?”

दर्वीशने जागा सांगितली. बापाने मरताना सांगितलेली, बायकोलाही न सांगितलेली, दोन्ही डोंगर आणि घळ, सगळं. कप्तानाने नकाशावर पेन्सिल टेकवली. त्या सकाळी धुरळ्यात दुसऱ्या जहाजाला वाट द्यायला तो जिथून वळला होता तिथेच ते टोक पडलं. तो खुर्चीत बसला.

तेव्हा दर्वीशने, जन्मात कुणाच्या डोळ्याला डोळा न भिडवलेल्या त्या माणसाने, कप्तानाची बाही पकडली.

“साहेबांची बोट तिकडे जाऊ शकत नाही. आमच्या होड्या जाऊ शकत नाहीत. तुमचं जहाज जाऊ शकतं. तिकडचं पाणी आत आखाताकडे ओढतं, तुमच्या वाटेनेच. फक्त बघत जा. निळा कॅन असेल.”

मी ते जमेल तसं सांगितलं. कप्तान कडवट हसला.

“जाऊ शकतं, थांबू शकत नाही. चालतोय तोवर वाट माझी. थांबलो की ते विचारणार, आमच्या पाण्यात काय करतोस? माझ्या ओळखीच्या एकाला असंच धरून नेलंय, अजून सुटला नाही. माझ्या खलाशी पोरांनाही घरी बायका आहेत. आणि तुझ्या एका खोट्या शब्दाने मी एकदा थांबलोच की! पुन्हा तुझ्याच शब्दावर थांबू?”

दर्वीशने पुन्हा पेन्सिलीच्या टोकाकडे बोट केलं. बाही त्याने सोडली नाही. शेवटी साहेबांनी त्याची बोटं सोडवली.

‘कालिंथा’ने नांगर उचलला आणि काहीही न सांगता निघून गेली.

सगळं गाव माझ्या बर्फखान्यात जमलं. रय्या उलट्या टोपलीवर रेडिओसमोर बसली होती. दर्वीश कोपऱ्यात उकिडवा बसला होता. रेडिओवर नुसती खरखर चालली होती. येणारीजाणारी जहाजं आपली नावं सांगत होती, जणू काहीच झालेलं नाही.

मग पलीकडच्या पहाऱ्याचा आवाज आला. मी एकेक वाक्य सगळ्यांना सांगत गेलो.

“कालिंथा, कालिंथा. तुमचा वेग का कमी झाला?”

उत्तर नाही.

“कालिंथा, तुम्ही आमच्या पाण्यात थांबत आहात. कारण सांगा.”

“माणूस पाण्यात आहे,” कप्तान म्हणाला. “शोधतो आहे.”

“तुमचा माणूस?”

जरा वेळ गेला. “हो. माझाच.”

“आहात तिथेच राहा. आमची बोट येत आहे.”

रय्याने माझं मनगट धरलं, तिची बोटं हाडापर्यंत रुतली. आता जहाजही धरलं जाणार, आणि त्यावरची सगळी माणसंही, दर्वीशच्या शब्दापायी. दर्वीश उठून बाहेर धक्क्याच्या कडेपर्यंत गेला. परत आत यायचं धैर्य त्याला होईना. तो दारातच चौकट धरून उभा राहिला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. यंत्र खडखडत होतं, ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

मग पुन्हा तोच पलीकडचा आवाज, पण आता दमलेला, घाईतला. “कालिंथा, तुमच्या डाव्या अंगाला, निळं काहीतरी. आमच्या पोरांना दिसतंय. शिडी सोडा.” आणि पुन्हा बराच वेळ काही नाही. आणि मग, “हा तुमचा खलाशी दिसत नाही. याने लुंगी नेसली आहे. हा आमच्या पाण्यात काय करत होता?”

“पोहत होता,” कप्तान म्हणाला.

रेडिओ गप्प झाला. एखादा माणूस कपाळावरचा घाम पुसतो तेवढा वेळ गेला असेल.

“जा,” पलीकडचा म्हणाला. “आणि आता न थांबता जा.”

खलफान साहेबांनी लगेच रेडिओवरून कप्तानाला विचारलं, माणूस आमच्या हवाली करता का. कप्तान म्हणाला, तुमच्या पाण्यात एकदा थांबलो, त्यांच्या पाण्यात एकदा थांबलो, माझी हौस फिटली. आता हा माझ्या पुढच्या बंदरात, बसऱ्याला उतरेल. मग खरखर झाली, आणि आमच्या बोलीत, चिरकलेल्या घशाने, कुणीतरी बोललं.

“बर्फवाल्या, आहेस का रे?”

रय्याने तोंडावर हात दाबला. मी बोललो, “आहे. सगळे आहेत. रय्या इथेच बसलीय.”

“तिला म्हणावं, पाय मोडलाय, बाकी शाबूत आहे. दर्वीश आहे का?”

दर्वीश दारातून हलला नाही. रय्याने उठून त्याला ओढत आणलं आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला. “आहे,” मी म्हणालो.

“काल हवा उघडली ना मेव्हण्या, तेव्हा मला लांबवर हेलिकॉप्टर दिसलं. दिवसभर कासवखडकावर घिरट्या घालत होतं.” शिहाब हसला की खोकला कळलं नाही. “ते बघितलं आणि कळलं, दर्वीश वाचला. कासवखडक दुसरं कोण सांगणार? मी कॅन सोडणारच होतो. मग नाही सोडला. म्हटलं, आज ना उद्या हा खरं सांगेल.”

दर्वीश माइक धरून रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा. आणि रडता रडताच त्याने डोंगराचं शिंग, खांदा, घळ, सगळी जागा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. रेडिओ उघडा होता. आमच्या होड्या ऐकत होत्या, साहेब ऐकत होते, पलीकडचे पहारेकरी ऐकत होते. “अरे बस, सापडलो ना मी!” शिहाब ओरडत होता. पण हा थांबेना.

दर्वीशचा परवाना गेला तो गेलाच. साहेबांनी एवढ्यावरच भागवलं. शिहाब बसऱ्याहून पुष्कळ दिवसांनी आला, लंगडत आणि तोंडाने शिव्या देत.

आजही कुणी जागा विचारली की दर्वीश पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. शिहाब बऱ्याचदा तिथेच बर्फाच्या पेटीवर बसलेला असतो. “थापा मारतोय,” तो पोरांना म्हणतो, “कासवखडकाला जा.” पोरं हसत हसत निघून जातात. मग दर्वीश हातोडा उचलण्याआधी एकदा शिहाबकडे बघून घेतो.